दोन मुक्या पेट्यांची गोष्ट

गायकाचे नाव सर्वांना ठाऊक असते. साथीदारांची नावेही पुष्कळांना ठाऊक असतात. परंतु ज्या कागदी शंकूच्या थरथरीतून ते गाणे आपल्या कानापर्यंत पोहोचते, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. तो जोवर नीट चालतो तोवर तो आहे हेच आपण विसरतो, आणि बिघडला म्हणजे 'आता नवा आणू' एवढे म्हणून मोकळे होतो. विद्यार्थीमित्रांनो आणि मैत्रिणींनो, या लेखात आम्ही त्या दुर्लक्षित वस्तूची, म्हणजे स्पीकरची ओळख करून देणार आहोत. तो बोलतो कसा, मुका का होतो आणि त्याला पुन्हा बोलते करता येते काय, हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू.

स्पीकर बोलतो कसा?

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करू. 'ध्वनिवर्धक' हा शब्द आपल्याकडे दोन निरनिराळ्या यंत्रांस लावतात. विजेचा दुबळा संदेश सबळ करणारे यंत्र ते एक, आणि त्या सबळ संदेशाचा आवाज करणारे यंत्र ते दुसरे. येथे पहिल्यास आपण ध्वनिवर्धक म्हणू आणि दुसऱ्यास स्पीकर.

तुमच्यापैकी वरच्या वर्गातील मुलांनी विज्ञानाच्या तासाला डाव्या हाताचा नियम शिकलेला आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीजप्रवाह गेला की त्या तारेवर बल पडते, आणि प्रवाहाची दिशा उलटली की बलाची दिशाही उलटते. स्पीकरचे सारे रहस्य या एका नियमात आहे. एका गोल चुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. कारागीर त्याला 'कॉइल' म्हणतात. ते कागदाच्या शंकूस चिकटवलेले असते. ध्वनिवर्धकाकडून येणारा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा उलटसुलट झाला तर वेटोळेही सेकंदाला शंभर वेळा पुढेमागे होते, शंकू त्याच्याबरोबर हलतो, शंकूपुढची हवा हलते, आणि आपल्या कानास शंभर हर्ट्‌झचा खर्ज ऐकू येतो. निरोगी तरुण कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात.

आता शंकू पुढेमागे तर व्हावा, पण आजूबाजूला सरकू नये, अशी योजना करावी लागते. त्यासाठी त्याला दोन आधार असतात. आतल्या बाजूस नालीदार कापडाची एक चकती असते, आणि बाहेरच्या काठास एक मऊ झालर असते. ही झालर रबराची, कापडाची किंवा फोमची करतात. दिसावयास ती अगदी क्षुल्लक. पण तिचे काम मोठे आहे. खर्ज जितका खोल, तितके शंकूला अधिक हलावे लागते. तोच आवाज तितक्याच मोठ्याने एक सप्तक खाली काढावयाचा तर शंकूची हालचाल चौपट व्हावी लागते. झालर मऊ आणि अखंड असेल तरच हे शक्य होते.

आणि पेटी कशासाठी? शंकू पुढे सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. खर्जाच्या लाटा लांब असतात; १०० हर्ट्‌झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. अशी लाट उघड्या शंकूच्या काठाला सहज वळसा घालते, आणि पुढचा दाब व मागचा विरळपणा एकमेकांस खाऊन टाकतात. पेटी या दोघांमध्ये भिंत उभी करते. म्हणून पेटीतून बाहेर काढलेला स्पीकर चिरक्या आवाजात बोलतो. पेटी ही शोभेसाठी नसते, वाद्याच्या भोपळ्याप्रमाणे ती वाद्याचाच भाग असते.

शोधाची थोडी हकीकत

हलत्या वेटोळ्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पण तेव्हा संदेश सबळ करणारे साधनच नव्हते, त्यामुळे कल्पना कागदावर राहिली. १९१५ मध्ये अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी हलत्या वेटोळ्याला मोठा कर्णा जोडून सभांसाठी उपयोगी पडेल असे यंत्र तयार केले. आज आपण घरी वापरतो त्या, कर्णा नसलेल्या शंकूच्या स्पीकरचे शास्त्र १९२५ मध्ये चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी मांडले. त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. या काळात चुंबक बदलले, चिकट पदार्थ बदलले, कागदाबरोबर इतर द्रव्ये आली. मूळ रचना मात्र तीच राहिली.

या शोधापूर्वी आपल्या देशात ध्वनिमुद्रण होत नव्हते असे नाही. १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे, आणि ऐकतानाही कर्ण्यातूनच ऐकावे लागे. विजेचा त्यात संबंध नव्हता. खर्ज आणि अतितार हे दोन्ही भाग त्यात बव्हंशी गळून जात. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि त्याच वेळी शंकूचा स्पीकर आला. ही दोन्ही भावंडे एकमेकांच्या हाताला धरून आली असे म्हणावयास हरकत नाही. चित्रपटाला वाचा फुटली तीही याच भावंडांमुळे. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हे बोलपट प्रेक्षकांनी ऐकले ते पडद्यामागील स्पीकरमधूनच.

आमचे बडोदे

बडोद्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याने हा विषय परका मानू नये. या नगरीने ऐकणे आणि दुरुस्त करणे या दोन्ही विद्या जोपासल्या आहेत. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा सुरू केली. दरबारापुरते असलेले गाणे शाळेच्या बाकावर आणून बसविण्याचा तो प्रयत्न होता. मौलाबक्षांचे दौहित्र इनायतखाँ १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मले, आणि १९०९ मध्ये त्यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. पुढे आग्रा घराण्याचे फैयाजखाँ बडोदे दरबारचे गायक झाले, आणि ५ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांनी देह ठेवला तो याच नगरीत. त्यांचा आवाज भरदार आणि खोल म्हणून प्रसिद्ध होता. ज्यांनी तो समोर बसून ऐकला ती पिढी आता राहिलेली नाही. आपणांस तो आवाज भेटतो तो केवळ जुन्या तबकड्यांतून आणि नभोवाणीच्या काही मुद्रणांतून, म्हणजेच कोणत्यातरी स्पीकरमधून.

दुसरी विद्या हाताची. १८९० मध्ये महाराजांनी कलाभवन स्थापिले, आणि त्याची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. हातात हत्यार धरणाऱ्याने आपल्या कामाचे शास्त्रही जाणावे, हा त्या संस्थेमागील विचार होता. दादासाहेब फाळके तेथे शिकले. १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आज कलाभवनाची परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत चालू आहे. जेथे गायनशाळा आणि कलाभवन चार वर्षांच्या अंतराने उभी राहिली, त्या गावातील मुलांना बिघडलेला स्पीकर उघडून पाहण्याची उत्सुकता नसावी, हे आम्हांस ठीक वाटत नाही.

माळ्यावरच्या पेट्या

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर भिजलेल्या सामानाचे ढीग लागले होते. आमच्याही तळमजल्यातील बरेच सामान त्या ढिगात गेले. घर धुऊन काढताना माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेल्या दोन लाकडी पेट्या सापडल्या. त्या आमच्या दिवंगत वडिलांच्या. ते गोव्याहून नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा पहिल्या काही वर्षांच्या बचतीतून त्यांनी हे स्पीकर घेतले होते. आमचे बालपण त्या पेट्यांच्या मधल्या जागेत गेले. पुढे आवाज फाटू लागला, मग एक पेटी बंद झाली, मग दोन्ही माळ्यावर गेल्या.

पुराचे पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. तरीही जाळी काढून पाहिली तेव्हा शंकूभोवतीची फोमची झालर बोट लावताच चिकट भुग्यासारखी गळून पडली. फोम हे द्रव्य हवेतील ओलाव्याने आणि प्राणवायूने हळूहळू विघटित होते. स्पीकर वाजविला नाही तरी ही क्रिया थांबत नाही. पंधरावीस वर्षांत झालर भुसभुशीत होते, आणि दमट हवेत त्याहून लवकर. म्हणजे महापुरातून वाचलेल्या पेट्यांचा घात दर पावसाळ्याच्या साध्या ओलाव्याने केला होता.

दारावर भंगारवाला उभाच होता. दोन चुंबक, थोडे तांबे आणि जुने लाकूड एवढीच त्याच्या हिशेबाने त्यांची किंमत. घरात दोन मते पडली. जागा थोडी, खर्च आधीच फार, आणि बाजारात मुठीत मावणारे नवे स्पीकर मिळतात. मग हे ओझे कशासाठी, असे एक मत. दुसरे मत आमच्या मातोश्रींचे. त्यांनी वाद केला नाही. पेटीवरून हात फिरवून त्या आमच्या कोंकणीत एवढेच म्हणाल्या, "मोनीं जाल्यांत तीं." मुक्या झाल्या आहेत त्या. मुक्या माणसाला कोणी घराबाहेर काढीत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतला, आणि भंगारवाल्यास परत पाठविले.

दुरुस्ती

दिवाळीच्या सुटीत नववीच्या चार विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आम्ही हे काम हाती घेतले. गावातील एक वृद्ध कारागीर, ज्यांचे सारे आयुष्य रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त करण्यात गेले, त्यांनी मार्गदर्शन केले. त्यांचा पहिला नियम असा की, बिघाड कोठे आहे हे कळेपर्यंत स्क्रूही फिरवू नये. त्यांनी पसरलेल्या बोटांनी शंकू चारी बाजूंनी सारखा दाबला आणि कान जवळ नेला. आत घासल्याचा आवाज आला नाही. म्हणजे वेटोळे वाकलेले नव्हते. मग मापकाने रोध पाहिला. पेटीवर ८ ओहम लिहिले होते, मापकाने सुमारे साडेसहा दाखविले. मुलांना वाटले, हाच बिघाड. कारागिरांनी समजाविले की, लिहिलेला आकडा उलटसुलट प्रवाहाचा आहे आणि मापक एकाच दिशेच्या प्रवाहाने मोजते. त्यामुळे थोडा कमी आकडा येणे हे प्रकृतीचेच लक्षण. मापकाने काहीच प्रवाह दाखविला नसता, तर तार तुटली असे समजावयाचे.

दोन्ही मोठे स्पीकर असे निरोगी निघाले. दोष फक्त झालरीचा. मात्र एका पेटीतील लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो गप्प होता. त्याचे कारण वेगळे निघाले. पेटीच्या आत एक लहानशी वाटणी असते. तिच्यात तारेचे एक वेटोळे आणि एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते. वेटोळे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहास अडविते, म्हणून खर्ज मोठ्या स्पीकरकडे जातो. धारित्र मंद बदलणाऱ्या प्रवाहास अडविते, म्हणून तार स्वर लहान स्पीकरकडे जातात. पुरणाच्या चाळणीतून जाड आणि बारीक वेगळे व्हावे तसा हा प्रकार. आतील द्रव सुकल्यामुळे धारित्र निकामी झाले होते. तितक्याच मूल्याचे नवे धारित्र दोन्ही पेट्यांत बसविले. एकाच पेटीत बसविले असते तर दोघींचा आवाज सारखा राहिला नसता.

झालरीच्या बाबतीत एक निर्णय घ्यावयाचा होता. रबराची झालर अधिक टिकते, मग तीच का लावू नये? मुलांचा हा प्रश्न रास्त होता. पण रबर जड असते. शंकूच्या हालत्या भागाचे वजन आणि झालरीचा ताठपणा बदलला की स्पीकरचा स्वभावच बदलतो, आणि पेटी तर जुन्या स्वभावाच्या मापाने बांधलेली. म्हणून शंकूचा व्यास, सांगाड्याचा व्यास आणि झालरीच्या वळीची रुंदी ही तीन मापे मिलिमीटरमध्ये घेऊन तशाच फोमच्या झालरी मागविल्या. त्याही पंधरावीस वर्षांनी झडतील. त्या वेळी ज्याच्या हाती या पेट्या असतील त्याला पुन्हा उघडता याव्यात, म्हणून स्पिरिटने सुटणारा जुना गोंद काढून, हळूहळू वाळणारा पांढरा गोंदच वापरला.

खरे कसब पुढे होते. वेटोळे आणि चुंबक यांच्यातील फट केसासारखी अरुंद. झालर तिळभर एका बाजूस चिकटली तर वेटोळे घासू लागते. म्हणून शंकूच्या मध्यावरील टोपी धारदार पात्याने अलगद सोडवून, त्या फटीत जुन्या छायाचित्रांच्या फिल्मच्या चार सारख्या पट्ट्या उभ्या खोचल्या. त्यामुळे वेटोळे मध्यावर धरले गेले. मग पहिल्या दिवशी झालरीची आतली कड शंकूला आणि दुसऱ्या दिवशी बाहेरची कड सांगाड्याला चिकटविली. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, शंकू दाबून पाहिला, आणि काही आवाज आला नाही तेव्हा टोपी पूर्ववत लावली. या तीन दिवसांत मुलांनी सर्वांत अधिक काय शिकले असेल, तर वाट पाहणे.

दोन प्रयोग

पेट्या बंद करण्यापूर्वी एक तपासणी आवश्यक असते. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर स्पीकरच्या तारांना टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन खुणेला लागले तर शंकू बाहेर येतो, उलट लागले तर आत जातो. दोन्ही पेट्यांतील मोठे शंकू एकाच वेळी बाहेर यावयास हवेत.

तसे न झाले तर काय होते, हे दाखविण्यासाठी आम्ही मुद्दाम एका पेटीच्या तारा उलट जोडल्या. मुलांना दोन पेट्यांपासून सारख्या अंतरावर बसविले आणि फैयाजखाँसाहेबांचे एक जुने मुद्रण लावले. हे मुद्रण एका मार्गाचे, म्हणजे दोन्ही पेट्यांकडे एकच संदेश जाणारे आहे. अशा मुद्रणास 'मोनो' म्हणतात. आमच्या कोंकणीत मोनो म्हणजे मुका. हा शब्दांचा योगायोग मुलांना फार आवडला. तारा उलट असताना गाणारा कोठे बसला आहे हे कोणासच सांगता येईना, आणि खर्ज तर जवळजवळ नाहीसाच झाला. एक शंकू हवा पुढे ढकलीत होता आणि दुसरा तीच हवा मागे ओढीत होता. तारा सरळ केल्या. त्याबरोबर आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, जेथे काहीच ठेवलेले नव्हते तेथे, येऊन स्थिर झाला. दोन्ही कानांना एकच लाट एकाच वेळी पोहोचली की मन तिचा उगम समोर मध्यावर मानते. एका बाजूचा ध्वनी एका कानाला दुसऱ्या कानापेक्षा जास्तीत जास्त सेकंदाच्या दीडहजाराव्या भागाएवढा आधी पोहोचतो. एवढ्या सूक्ष्म फरकावरून आपण दिशा ओळखतो. ॲलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये दोन मार्गांच्या ध्वनिमुद्रणाचे पेटंट घेतले ते याच गुणाच्या आधारावर.

दुसरा प्रयोग तुलनेचा. तेच मुद्रण, त्याच फोनवरून, प्रथम फोनच्या स्वतःच्या लहान स्पीकरमधून आणि नंतर या पेट्यांतून ऐकविले, आणि काय काय ऐकू आले ते प्रत्येकाने लिहावे असे सांगितले. पहिल्या वेळी मुलांनी लिहिले: गायक, पेटी, तबला. दुसऱ्या वेळी यादी वाढली. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा वेगळा लिहिला गेला, तंबोऱ्याचा नाद आला, आणि एका मुलीने लिहिले, 'गाणारे वयाने मोठे आहेत.' हे उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटले. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला इतकी हवा हलविता येत नाही. तरी आपल्याला पुरुषाचा आवाज ओळखू येतो, कारण वरच्या पटींच्या स्वरांवरून मन मूळ स्वराचा अंदाज बांधते. म्हणजे फोनवर आपण खर्ज ऐकत नसतो, तो आहे असे समजून घेत असतो. आवाजातील भार, वय, छातीचा ठाव या गोष्टी मात्र अंदाजाने भरून निघत नाहीत.

मातोश्री त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तेच गाणे गेली अनेक वर्षे त्या फोनवर ऐकत आल्या आहेत. त्या आत येऊन बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "आतां तो बसून गायता." आता तो बसून गातो आहे. शास्त्राच्या चार परिच्छेदांत आम्ही जे सांगण्याचा प्रयत्न केला, ते त्यांनी चार शब्दांत सांगितले. मग मुलांनी त्यांना विचारले, पूर्वी या पेट्यांवर आणखी काय वाजत असे? त्यांनी नावे सांगावयास सुरुवात केली. त्यांत केसरबाई केरकर होत्या. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचे एक मुद्रण १९७७ मध्ये अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत आहे, हे ऐकून मुलांस नवल वाटले. त्या दिवशी एक वाजता संपावयाचा वर्ग संध्याकाळी संपला. ज्या आजोबांना त्या मुलांनी कधी पाहिले नव्हते, त्यांच्या आवडीनिवडी त्यांना ठाऊक झाल्या.

काय शिकावे?

सर्वच जुन्या वस्तू जपाव्या असे आमचे म्हणणे नाही. घर म्हणजे संग्रहालय नव्हे, आणि जळालेले वेटोळे किंवा फुगलेली पेटी दुरुस्त करण्यापेक्षा तिला निरोप देणे शहाणपणाचे असते. विजेच्या उपकरणांच्या कचऱ्यासाठी आपल्या देशात २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशा वस्तू इतर केरात न टाकता योग्य ठिकाणी द्याव्यात. आमचे म्हणणे एवढेच की, टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे. या पेट्यांतील लाकूड, चुंबक, तार, कागद हे सारे शाबूत होते. झडली होती ती एक बोटभर रुंदीची झालर आणि सुकले होते ते एक लहानसे धारित्र. एवढ्यासाठी सारी वस्तू भंगारात जाणार होती. ज्याला बिघाडाची जागा ठाऊक नसते, त्याला सारेच बिघडलेले दिसते.

करून पाहा

१. घरातील कोणत्याही स्पीकरवर गाणे लावा आणि शंकूपुढे हलकेच तळहात धरा. कोणत्या स्वराला हवेचा धक्का अधिक लागतो ते वहीत लिहा.

२. फोन मोकळ्या हातात धरून गाणे ऐका. मग तोच फोन रिकाम्या पितळी तांब्यात उभा ठेवून ऐका. कोणता भाग मोठा झाला आणि कोणता झाला नाही, याचा विचार करा.

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: तुमच्या लहानपणी गाणे कशावर ऐकत असा? ती वस्तू आज कोठे आहे? सापडल्यास मोठ्यांच्या देखरेखीखाली तिची पाहणी करा. मात्र विजेच्या जोडणीतून यंत्र काढल्याखेरीज त्यास हात लावू नका, आणि ध्वनिवर्धकाची पेटी तर जाणकाराशिवाय उघडूच नका. वीज बंद केल्यावरही त्याच्या धारित्रांत धोकादायक भार उरलेला असू शकतो.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आम्हांस अवश्य आणून दाखवावीत. सुटीच्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत एक टेबल, एक मापक आणि फिल्मच्या चार पट्ट्या तयार ठेवलेल्या आहेत.